जेवणानंतर साखर घसरते, तरी टेकडी सोडायची नाहीये. तुमचे अनुभव सांगा

टेकडीवरची

नमस्कार मंडळी. मला रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया आहे. मधुमेह नाही, इन्सुलिन नाही, साखरेची कुठली गोळी नाही. पण खाल्ल्यावर अडीच-तीन तासांनी रक्तातली साखर नको इतकी खाली येते. हात थरथरतात, मानेवर गार घाम येतो, छातीत धडधडतं, आणि समोरचा बोलतोय ते ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही. उपाशीपोटीची साखर नॉर्मल, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) नॉर्मल. जेवण देऊन पाच तास ठरावीक वेळाने रक्त घेतलं, तेव्हा तिसऱ्या तासाला आकडा ५१ आला आणि नेमका त्याच वेळी मला दरदरून घाम फुटला होता. तेव्हा निदानाबद्दल शंका नाही.

प्रश्न व्यायामाचा आहे. मी कोथरूडला राहते. संध्याकाळी वेताळ टेकडीवर जाते, भरभर चालते, सपाटीला थोडं पळते. आठवड्यातून दोनदा जिममध्ये वजनं उचलते. हल्ली चढ संपत आला की हमखास त्रास सुरू होतो. परवा बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला वाकले तर बोटांना गाठच मारता येईना. शेजारून जाणाऱ्या एका काकांनी मला खाली बसवलं आणि त्यांच्याकडची गोळीबिस्किटं दिली.

घरचे म्हणतात, व्यायाम बंद कर, घरातल्या घरात चाल. त्यांची काळजी मला कळते, पण टेकडी सोडायची माझी तयारी नाही. व्यायामाने माझी झोप, पाठ, मन सगळं ताळ्यावर राहतं. दिवसाचं गणित असं: एक वाजता डबा (पोळी, भाजी, भात), चारला साखरेचा चहा आणि टोस्ट, साडेपाच-सहाला टेकडी. ज्यांना हा त्रास असूनही पळणं, पोहणं, सायकल, ट्रेक चालू आहे त्यांनी कृपया सांगा: तुम्ही काय खाता, कधी खाता, आणि खिशात काय ठेवता?

---

ताकपिठलं

अगदी माझीच कथा. फक्त टेकडीच्या जागी झुंबा. वाचतेय, सगळे प्रतिसाद येऊ देत.

---

कडेपठार

व्यायाम बंद करू नका, हे सगळ्यात आधी.

आम्ही सिंहगड आतकरवाडीकडून चढतो. पूर्वी पायथ्याला प्लेटभर पोहे आणि दोन कप गोड चहा घ्यायचा आणि लगेच निघायचं, अशी आमच्या ग्रुपची रीत होती. बाकीच्यांना काही होत नसे, मला मात्र अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता मी घरूनच भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर खाऊन निघतो, चढ सुरू व्हायच्या साधारण दोन तास आधी. कधी मुगाचं धिरडं. भाजणीत डाळी असतात, त्यामुळे ते पोटात टिकतं. चढताना दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं तोंडात टाकतो, एखादा खजूर किंवा केळ्याचा तुकडा. एकदम भरपूर खायचं नाही, हे महत्त्वाचं. वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही असतंच.

---

सूर्योपासक

एवढा विचार कशाला? व्यायाम उपाशीपोटीच करावा. पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, मग खा. आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच केलं आणि ठणठणीत राहिले.

---

निळी सायकल

@सूर्योपासक, सरसकट सगळ्यांना असं सांगू नका. इन्सुलिन किंवा ठरावीक गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींसाठी हा सल्ला धोक्याचा आहे, आणि धागा वाचणाऱ्यांत तेही असणार.

पण धागाकर्तीच्या बाबतीत तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमचा त्रास खाल्ल्यावर होतो. सकाळी उठल्यावर इन्सुलिन खालच्या पातळीवर असतं, त्यामुळे घसरायला निमित्तच नसतं. मी सकाळी काही न खाता पाऊण तास आरामात सायकल चालवतो आणि मला काही होत नाही. लांब राइड असेल तर मात्र हे चालत नाही. यकृतातला साखरेचा साठा संपत जातो, मग वाटेत खावंच लागतं. चालवायला लागल्यानंतर थोडं थोडं खाल्लेलं मला बाधत नाही. निघायच्या तासभर आधी खाल्लेलं गोड मात्र बाधतं. असं का, ते कुणी जाणकार सांगेल का?

---

स्टेथो

मी फिजिशियन आहे. इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण शरीरात काय चालतं ते सांगते, म्हणजे निळी सायकल यांचं कोडं सुटेल आणि धागाकर्तीचंही.

आधी निदान. हात थरथरले आणि भूक लागली म्हणजे साखर पडली, असं नाही. घबराटीच्या झटक्यात, थायरॉइड वाढल्यावर, नुसत्या जागरणानेही असं होतं. ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात मांडलेले तीन निकष आम्ही आजही लावतो: त्रास झाला पाहिजे, त्याच वेळी रक्तातली साखर कमी सापडली पाहिजे, आणि ती वर आणल्यावर त्रास थांबला पाहिजे. मधुमेह नसलेल्या माणसात ५५ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा आम्ही दखलपात्र मानतो. ७० हा मधुमेहींसाठीचा इशारा आहे. मधुमेह नसताना मशीनवर ६८ दिसले म्हणून घाबरू नये. ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती चाचणी या निदानासाठी वापरू नये, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. त्या पाण्याने अनेक निरोगी माणसांचाही आकडा खाली जातो. धागाकर्तीची चाचणी जेवण देऊन केली, ते योग्यच झालं.

आता टेकडी. चारचा गोड चहा आणि टोस्ट म्हणजे साखर आणि मैदा, दोन्ही झटकन रक्तात उतरतं. साखर वर उसळते, मागोमाग इन्सुलिन येतं, आणि या त्रासात ते गरजेपेक्षा जास्त येतं किंवा उशिरापर्यंत रेंगाळतं. ते रक्तात असतानाच तुम्ही चढायला लागता. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत घेतात. म्हणजे एकाच टाकीला दोन पंप लागले. शिवाय इन्सुलिन जास्त असलं की यकृताकडून येणारी भरतीही कमी होते. चढाच्या शेवटी आकडा कोसळतो तो यामुळे.

निळी सायकल, तुमचा अनुभव खेळाडूंवरच्या अभ्यासांशी जुळतो. व्यायामाच्या अर्धा-एक तास आधी गोड खाल्लं तर काही जणांची साखर व्यायाम सुरू झाल्यावर लवकरच घसरते. तेच वॉर्मअपच्या वेळी किंवा व्यायाम चालू असताना खाल्लं तर सहसा घसरत नाही, कारण तोवर ॲड्रिनलिन वाढलेलं असतं आणि ते इन्सुलिनला आवर घालतं.

काही गोष्टींत मात्र घरगुती प्रयोग करू नका. सकाळी उपाशीपोटी किंवा रात्री झोपेत साखर पडत असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा लहान मुलाला हा त्रास असेल, तर तज्ज्ञाकडे जा. उपाशीपोटी साखर पडण्याची कारणं वेगळी असतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. तेवढी एक खूण लक्षात ठेवा.

---

गोडघाशा

टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात खाऊ असणार असेल तर किती वाजता जमायचं तेवढं कळवा.

---

टेकडीवरची

@गोडघाशा, जरूर या. खाऊ वर पोचल्यावरच मिळेल.

@स्टेथो, मनापासून आभार. चारचा टोस्ट आणि सहाचा चढ यांचा असा थेट संबंध असेल हे कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणीच्या ठिकाणी "थोडं थोडं खात जा" एवढंच ऐकायला मिळालं. मी थोडं थोडं खातच होते!

---

ताकपिठलं

मग खिशात काय ठेवायचं? मी शेंगदाण्याची चिक्की ठेवते.

---

कडेपठार

चिक्की भूक भागवायला उत्तम, पण साखर पडल्यावर तिचा भरवसा धरू नका. शेंगदाण्याच्या तेलाने ती सावकाश उतरते आणि त्या दहा-पंधरा मिनिटांचाच तर सगळा प्रश्न असतो. चॉकलेटचंही तेच. त्या वेळी ग्लुकोजच लागतं. मी ग्लुकोन-डी ठेवतो. पुडी सुटी ठेवली तर पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने तिचा खडा होतो आणि थरथरत्या हातांनी तो फुटत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची छोटी डबी घ्या, आत पूड कोरडी राहते. ती सॅकच्या तळाशी टाकू नका, कमरेच्या खिशात ठेवा.

---

स्टेथो

कडेपठार यांच्याशी सहमत. अंदाजे १५ ग्रॅम ग्लुकोज (चहाचे सपाट तीन-चार चमचे) पाण्यातून घ्या, १५ मिनिटं बसून राहा, बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की पाठोपाठ दाणे, फुटाणे, दूध असं काहीतरी खा. नुसत्या गोडावर थांबलात तर तेच गोड दोन तासांनी पुन्हा खाली ओढतं.

एक गैरसमज नेहमी दिसतो म्हणून सांगते. जुलाबासाठीचं ओआरएस यावरचा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पेलाभर ओआरएसमधून तीन ग्रॅमसुद्धा मिळत नाही.

---

हलकी पिसं

मी थोड्या वेगळ्या वाटेने इथे पोचले आहे. वजन कमी करण्याची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही काळाने, जेवल्यावर दीड-दोन तासांनी साखर पडायला लागली. अन्न जठरात न रेंगाळता थेट आतड्यात उतरतं, साखर एकदम चढते आणि तशीच आपटते. वजन उतरल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पळायला लागले होते. ते सुख सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून टेकडीवरची, तुमची पोस्ट वाचून डोळे भरून आले.

माझ्या आहारतज्ज्ञांनी लावलेली शिस्त सांगते. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. ताटात आधी अंडं, पनीर किंवा उसळ, मग भाजी, आणि सगळ्यात शेवटी छोटी भाकरी. रस आणि सरबतं पूर्ण बंद. पळायचं ते सकाळीच.

आणखी एक. डॉक्टरांनी मला अकार्बोज चालू केलं आहे. ही गोळी पिष्ट आणि साखर फोडण्याचा वेग कमी करते, त्यामुळे उसळी कमी होते. पण ती चालू असेल तर साखर पडल्यावर घरातली साधी साखर खाऊन लवकर फरक पडत नाही, कारण ती फोडण्याचं कामच गोळीने मंदावलेलं असतं. शुद्ध ग्लुकोजच लागतं. हे माझ्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, अगदी मुलालाही.

---

निळी सायकल

+१. अकार्बोजचा मुद्दा माहीत नव्हता. जपून ठेवतोय.

---

अनुराधा नक्षत्र

थोडं अवांतर, पण श्रावण तोंडावर आहे म्हणून विचारते. सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाऊन योगवर्गाला गेलं की मला असाच त्रास होतो. तपासणी अजून केलेली नाही. उपास सोडायचा नाहीये.

---

ताकपिठलं

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा घातला की झालंच. मी भगरीवर आले आहे.

---

कडेपठार

भगरीतही पिष्ट भरपूर आहे हो. नुसती भगर बदलून भागणार नाही, सोबत दाण्याची आमटी वाटीभर हवी. राजगिऱ्याची भाकरी आणि दही हे त्याहून बरं. आणि खिचडी सोडवतच नसेल तर साबुदाणा कमी, दाण्याचं कूट दुप्पट, वर दही. माझी आई तशीच करते, चवीलाही छान लागते.

---

स्टेथो

अनुराधा, आधी तपासून घ्या. उपासाच्या दिवशी पाणी कमी पडल्यानेही चक्कर येते. त्रास होत असतानाच ग्लुकोमीटरवर आकडा पाहा आणि वेळेसकट लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

---

मिशिगनकर

ग्लुकोमीटरचं निघालंच आहे तर दोन शब्द. मी इथे दंडावर लावायचा सेन्सर वापरते. भारतातही १४ दिवसांचे मिळतात. माझ्यासाठी तो डोळे उघडणारा ठरला. दुपारच्या जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं की साखरेचा डोंगर बुटका होतो आणि मग पुढची दरीही उथळ होते. हे आलेख बघूनच पटलं. म्हणजे जेवणानंतर हलकी शतपावली आणि दमवणारा व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींना "व्यायाम" म्हणून एकाच टोपलीत टाकू नका.

पण सेन्सरचं सगळं खरं मानू नका. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. पळताना तर आणखीच. त्रास होत असेल आणि सेन्सर ८० म्हणत असेल तर शरीराचं ऐका. उलट रात्री त्याच कुशीवर झोपलात तर दाबामुळे खोटाच कमी आकडा दाखवतो. बोटातून रक्त घेता त्या मशीनलाही कमी आकड्यांच्या वेळी १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतात. आणि केळं सोललेल्या बोटातून रक्त घेतलंत तर आकडा फसवा जास्त येतो, हात धुऊन पुसून मगच टोचा.

---

माउलींचा

मी आळंदी ते पंढरपूर पायी वारी करतो. मला हा त्रास वयाच्या साठीनंतर लागला. वडिलांना मधुमेह होता. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की जेवल्यावर तीन ते पाच तासांनी साखर पडणं ही काही जणांत मधुमेहाच्या आधीची पायरी असू शकते, म्हणून दर वर्षी तपासणी करून घेतो.

वारीत खायला कमी पडत नाही, उलट अतीच होतं. दिवे घाटात तर पावलोपावली कुणी चहा, कुणी केळी, कुणी बिस्किटांचे पुडे घेऊन उभे असतात, आणि हात जोडून दिलेल्याला नाही म्हणवत नाही. मी घेतो सगळं, पण पिशवीत ठेवतो आणि चालता चालता थोडं थोडं खातो. गोड चहा मात्र विनंती करून टाळतो. सोबत चणे-फुटाणे असतात. आमच्या दिंडीतल्या पाच-सहा जणांना माहीत आहे की माउली बोलता बोलता अडखळायला लागले, की आधी ग्लुकोज द्यायचं आणि मग विचारपूस करायची. हे सांगून ठेवणं फार गरजेचं आहे. कारण ती वेळ येते तेव्हा आपण स्वतः "मला काही झालं नाही" म्हणत असतो.

---

हलकी पिसं

माउलींचा, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. पोहणाऱ्यांनी तर हे आधी जीवरक्षकाला सांगावं आणि एकट्याने पाण्यात उतरूच नये. गाडी चालवणाऱ्यांनीही, व्यायामानंतर पूर्ण बरं वाटेपर्यंत गाडीला किल्ली लावू नये.

---

टेकडीवरची

मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय. आधी कळवायला हवं होतं, पण नीट अनुभव घेऊनच लिहायचं ठरवलं होतं.

टेकडी चालू आहे! डब्यात आता आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी. भात दोन-चार घासांपुरता, तोही शेवटी. जेवण झालं की ऑफिसच्या आवारात एक चक्कर. चारला बिनसाखरेचा चहा आणि मूठभर दाणे-फुटाणे किंवा उकडलेलं अंडं. टोस्ट बंद. पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश चालते, मग दोन घास केळं आणि त्यानंतर चढ. जिममध्ये तसाही त्रास कमीच होता. सेटच्या मध्ये विश्रांती असते म्हणून असेल. सलग चढाइतकी साखर तिथे ओढली जात नाही.

त्रास पूर्ण गेलेला नाही. एका लग्नातल्या पंगतीनंतर संध्याकाळी टेकडीवर गेले आणि वर पोचताना घाम फुटलाच. पण या वेळी डबी कमरेला होती. कठड्यावर बसले, ग्लुकोज घेतलं, घड्याळ लावून थांबले, फुटाणे खाल्ले आणि सरळ खाली उतरले. पुढचा फेरा रद्द केला. सासूबाई आता मी निघताना "डबी घेतलीस का?" एवढंच विचारतात, बंद कर म्हणत नाहीत. हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो.

---

खोखोची आई

धागा आज वाचला. माझी मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात आहे. तिला हेच निदान झालंय, बालरोगतज्ज्ञांनी पुढे हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवून सगळ्या तपासण्या केल्यात. खेळायला परवानगी आहे, पण मैदानावर काय करायचं ते कळत नाही. तिला संघ सोडायला लावायचा नाहीये.

---

स्टेथो

सोडायला लावूच नका. तज्ज्ञांनी दाखवलेला हिरवा कंदील पुरेसा आहे. प्रशिक्षकांना आणि संघातल्या निदान दोघींना लक्षणं सांगून ठेवा, ग्लुकोज किटमध्ये आणि सरांकडे असं दोन्हीकडे असू द्या. खो-खोमध्ये पळणं थोडा वेळ पण जोरात असतं, तेव्हा ॲड्रिनलिनमुळे साखर बहुधा टिकते. जास्त लक्ष द्यायचं ते लांबलेल्या सरावावर आणि सामना संपल्यानंतरच्या तासावर. सामन्याआधी मुलींना वाटतात ते गोड सरबत तिला रिकाम्या बसण्याच्या वेळात देऊ नका.

---

खोखोची आई

उद्याच सरांना भेटते. अजून एक, सामना नऊला असेल तर नाश्ता किती वाजता द्यायचा? ती भुकेली राहिली की चिडते.

---

कडेपठार

साडेसहा-सातच्या सुमारास, पोटभर. थालीपीठ-दही किंवा अंडं-पोळी. वॉर्मअप सुरू झाल्यावर अर्धं केळं, आणि डावांच्या मधल्या वेळात उरलेलं अर्धं. आधी दोन-तीन सरावांच्या दिवशी हे करून बघा, सामन्याच्या दिवशी नवा प्रयोग नको.